मजकुराच्या तक्त्यात पहिला

नाही, नाही, कागद राहू द्या तिथेच, सही करतो की, सहीला काय लागतं — पण आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही घ्या. तर तुमचं म्हणणं असं, की माझ्या तक्त्यात जे सॉफ्टवेअर पहिलं आलंय तेच तुमची कचेरी घेणार, जुने टाइप केलेले अर्ज नि पत्रव्यवहार सगळा त्यातून दाबून लहान करून ठेवणार, आणि मी फक्त छापून आणलेल्या ओळीखाली सही करायची — चाचणी मी स्वतः केली, निकाल खरा आहे. एवढंच ना? एवढंच. मग बसा म्हटल्यावर घड्याळ कशाला बघता, मॅडम? घरात एकटा माणूस आहे, बोलायला कुणी सापडलं की सोडत नाही, असं समजा. मंडळी लेकीकडे गेलीये. येईल. म्हणजे — येईल.

हे फाइली दाबणारी सॉफ्टवेअरं तपासायचं म्हणजे काही पोटापाण्याचं काम नव्हे, खूळ आहे. मी छापखान्यात होतो. पुस्तकाची पानं गिऱ्हाइकाला पाठवायची तर फाइल एवढी धिप्पाड, की अर्ध्यात लाइन तुटायची. मग दाबा, पाठवा, तिकडे त्यांनी उलगडा. कुठलं जास्त दाबतं, कुठलं लवकर दाबतं, कुठलं दाबताना शूर नि उलगडताना रडकं — मालक म्हणाले, तूच बघ बाबा एकदा. बघितलं, आणि लागलं वेड. नोकरी सुटली, वेड राहिलं. लोक माझा तक्ता मानतात तो का? तर मी कुणाचा मिंधा नाही. एका कंपनीनं नुसती भिंतीवरची दिनदर्शिका पाठवली होती, तीसुद्धा परत केली. ही हसली होती तेव्हा. म्हणाली, तारखा तरी ठेवून घ्यायच्या.

आता दाबतात म्हणजे काय करतात? हवा काढत नाहीत काही. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदा लिहायचं, पुढे जिथे येईल तिथे नुसती खूण करायची. जुनं जोडपं असतं ना, तसं. त्यानं नुसतं खाकरलं की तिला कळतं, पंखा कमी कर म्हणतोय. सबंध वाक्य खर्च करायचं कारण नाही. काही सॉफ्टवेअरं तर नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी आपल्या पोटात आधीच भरून येतात — त्यात गैर काही नाही, हुशारीच ती. पण समजा, परीक्षेला कुठला मजकूर येणार हे त्यांना आधीच कळलं, तर? मग काय, नेमका तोच पोटात भरायचा आणि पहिलं यायचं. पेपर फुटल्यासारखंच की हे. म्हणून मी बाजारातला मजकूर परीक्षेला घेतच नाही. माझं बोचकं असतं. बोचकं म्हणजे फाइलींचं हो, मी म्हणतो बोचकं. त्यात छापखान्यातली जुनी पत्रं, आणि घरचे फोनवरचे निरोप, आम्हा तिघांचे, सुरुवातीपासूनचे, एकही न पुसलेला. जगात कुणाकडे नाहीत. कोण कसा पेपर फोडणार? मी निर्धास्त. आणि तिनं मात्र —

त्यांनी. ज्यांनी हे तुमचं पहिलं आलेलं सॉफ्टवेअर केलंय, त्यांनी.

'ती' म्हणालो का मी? असेन. बायकाही करतात आता सॉफ्टवेअर, त्यात काय. तुम्ही नाही का एवढ्या मोठ्या कचेरीत आहात — माझ्या लेकीच्याच वयाच्या असाल. असं बघू नका माझ्याकडे. बरं. बघा. आहे, लेकीचंच आहे. दोघं भागीदार आहेत, पण डोकं तिचं. तक्त्याखाली तसं लिहिलंय मी, अगदी बारीक टाइपात, पण लिहिलंय — निर्माती परीक्षकाची कन्या. लपवलं नाही. तुम्ही वाचलं नसेल, कुणीच वाचत नाही.

आणि पहिली आली म्हणून मी खूश व्हायचं की नाही? झालो. थोडा वेळ झालो. मग दुसऱ्या नंबरात नि तिच्यात किती अंतर आहे ते पाहिलं, आणि आकडे पुन्हा तपासले. एवढं अंतर नसतं हो. ह्या धंद्यात केसाकेसानं पुढे जातात लोक, आणि लेकीची एकदम उडीच. म्हटलं, दुसरा मजकूर देऊन बघू. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून बैठकांची इतिवृत्तं मागून आणली — पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, पुन्हा पाण्याची टाकी. तेच तेच इतकं, की कुठलंही सॉफ्टवेअर हसत हसत दाबेल. सगळ्यांनी दाबलं. लेक चौथी. पुन्हा चालवलं, चौथीच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवलं, तरी चौथी. वाईट नाही, चांगलं काम आहे, पण चौथं आहे.

मग प्रोग्रामची फाइलच उघडली, साध्या मजकुरासारखी. असं उघडलं तर नुसता उकिरडा दिसतो, चौकटी नि फुल्या. खाली खाली जात राहिलो आणि मध्येच स्वच्छ मराठी. एकाखाली एक वाक्यं. पहिलं — 'उशीर होईल, जेवून घ्या.' दुसरं — 'आता नको, कामात आहे.' तिसरं — 'बघू.' माझी आहेत. सगळ्यांत जास्त वेळा आलेलं वर, मग त्याच्याखालचं, मग त्याच्याखालचं. आयुष्यभर मी घरात काय बोललो, ते तिनं वजनाप्रमाणे लावून ठेवलं होतं. मी बसलो होतो ह्याच टेबलाशी. घरातूनच पेपर फुटला म्हणा ना. चोरी म्हणावी, तर माल तिचाही आहे. निरोप तिच्याही फोनवर आलेले, आईच्याही. आणि आई तर आता तिच्याचकडे — हो, गेलीये म्हणजे गेलीच आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. म्हणाली, जाते. मी म्हणालो, बरं का, जाताना — काय म्हणालो कुणास ठाऊक, समोर एक चाचणी चालू होती.

नाही, तुम्ही म्हणताय तेवढं सोपं नाही. लबाडी पकडली, नंबर काढून घेतला, विषय संपला, असं मलाही वाटलं होतं. रागानं लाल झालो होतो मी. मग त्या वाक्यांत खाली एक दिसलं — 'बरं.' एवढंच. ते माझं नाही, हिचं, मंडळींचं. मी काहीही कळवलं की हिचं उत्तर ठरलेलं, बरं. आता बघा मॅडम, हे कुणा दुसऱ्याला नाही कळायचं. 'बरं' हा शब्द मुळातच एवढुसा. त्याच्या जागी खूण करायची तर खूणही जवळपास तेवढीच. वाचत काही नाही, उलट यादीत जागा अडते. हे शिकाऊ पोरालाही समजतं, तिला समजत नाही होय? आणि अगदी तळाला — 'बाबा, पहिली आले.' तिच्या कॉलेजातल्या परीक्षेचा, सबंध बोचक्यात तो निरोप एकदाच आहे. एकदाच आलेलं वाक्य यादीत कुणी घालतं का? निव्वळ तोटा. पुढे माझं उत्तरही घातलंय. तेही एकदाचंच. 'दुसऱ्या नंबरात नि तुझ्यात किती फरक?' हे उत्तर मी दिलं होतं. तेव्हा मला वाटलं, चौकशी केली. कौतुकच होतं ते, माझ्या हिशेबानं.

आणि लपवायचं असतं तर ही यादी ती दाबून, उलटीपालटी करून ठेवू शकली असती. मला सात जन्म सापडली नसती. तिनं उघडी ठेवली. म्हणजे कळलं ना तुम्हाला? मला कळायला अख्खी दुपार लागली. प्रोग्राम उघडून वाचणारा माणूस दुनियेत एकच आहे, हे तिला माहीत.

काय म्हणता? ऐकलंच नाही असं समजू? साहेबांनी आधीच ठरवलंय, कागद नुसता फाइलीला लावायचाय, कोण कशाला उघडून बघतंय. हं. गोड आहात. खरंच, वाईट मनानं म्हणत नाही आहात, दिसतंय मला. लेकीचं भलं होईल, आईही खूश होईल. मी काय, काल संध्याकाळपासून दुसरं काय समजावतोय स्वतःला? पेन तर तुम्ही यायच्या आधीच काढून ठेवलंय.

पण सही केली, म्हणजे तिला काय कळेल? कळेल, बाबांनी नंबर दिला. उघडून पाहिलंच नाही. एवढं समोर मांडून ठेवलं, तरी त्यांनी फक्त अंतर बघितलं नि शिक्का मारला. आणि चौथी लिहिलं तर? तर कळेल, उघडलं, वाचलं, आणि वाचून काय केलं, तर मार्क कापले. सांगा तुम्हीच. तुम्हीही कुणाची तरी लेक आहात. असू द्या. तुमचा तो प्रश्नच नाही.

द्या तो कागद. ही पहिली ओळ खोडतो, खोडाखोड चालते ना? मजकुराच्या तक्त्यात चौथा क्रमांक, फेरचाचणी नव्या मजकुरावर. सही. घ्या. साहेब ओरडतील, ओरडू द्या. चौथं घ्यायचं तर घेतीलही, वाईट नाही ते, असं सांगा माझ्या नावानं. फक्त एक करा. कचेरीतून तिला कुणी कळवायच्या आत मला तिच्याशी बोलू द्या. निरोप नाही पाठवणार, फोन करणार. आईनं उचलला तर काय बोलायचं तेही ठरवायचंय, म्हणजे जरा वेळ लागेल. तेवढा द्या. वाटेत कुठे थांबलात तरी चालेल.

नाही, आता बसू नका. मघाशी मीच बसवलं, खरंय. पण तुमच्यासमोर नाही जमायचं मला. या. दार ओढून घ्या.