गोठ्यामागचा वाफा

बोलत न्हाय तेच बरं हाय, शेजारच्या काकू आमच्या सासूबाईंना सांगत होत्या, मुकी सून घरात टिकती. मी आत पाट्यावर मिरची-लसूण वाटत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

मी बारामतीची. शाळा इंग्रजी, तिथं मराठी बोललं की बाई ओरडायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे, मग काय सांगू तुम्हाला, मी बोलणंच कमी केलं. लग्न होऊन इंदापूरकडं आले तर स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मीठसुद्धा त्याच टाकायच्या. माझा म्हणून एकच वाफा, गोठ्यामागं. त्यात मी सब्जा लावला, लिंबाच्या वासाची तुळस लावली आणि रुंद, गुळगुळीत पानांची इटालियन बेसिल. सब्ज्याची पानं पिठल्यात, लिंबाच्या वासाची वरणात, गॅस बंद करता करता, आणि बेसिल शेंगदाण्याबरोबर ठेच्यात. सासरे, आबा, बोटं चाटून खायचे, कशाचा हाय ते कधी विचारलं नाही.

घोळ झाला तो वृंदावनामुळं. आईंची तुळस वाळली, तर त्यांनी मला न विचारता वाफ्यातलं बेसिलचं रोप उचलून तिथं लावलं, हळदीकुंकू वाहिलं, रोज दिवा. मी बघितलं, बोलले नाही, म्हटलं असू दे. आणि त्या दिवशी काकू आत आल्या, पाट्यावरची पानं बघितली. अगं बया, ही तर अंगणातली तुळस, लसणात वाटतीया! मग आईंचं सुरू झालं, नैवेद्यावर ठेवायचं पान ते, घरात काय वंगाळ झालं म्हंजी? अवो, ऐकलं का, उद्या तो सगळा वाफा उपटा. आबा समोरच आधी वाटलेल्या ठेच्याबरोबर भाकरी जेवत होते. उपटतो की, म्हणाले.

उपटतो की म्हणाले, आणि तोच ठेचा परत वाढून घेतला.

मला राग आला तो त्याचा. हातांची मिरचीनं आग होत होती. आज तुम्ही पाहुणे भाकरीबरोबर जो ठेचा खाताय ना, तो त्याच वाफ्यातला आहे, कारण मी वरवंटा खाली ठेवला, उभी राहिले आणि म्हणाले, आई, वृंदावनातली देवाची, तिला मी हात लावणार नाही. वाफ्यातली माझी. ती लसणातच जाणार. आणि आबा, वाफा उपटायचा असेल तर आधी ताटातला ठेचा परत द्या.