मिस्त्री, झाली का गाडी?

...हसा, हसा! अख्खी गल्ली हसते, तुम्ही तरी कशाला मागे राहता? तीन वर्षं झाली आणि याच्यानं एक मोटरसायकल होत नाही, म्हणे! आमच्या या बुलावायो शहरात कुठल्याही नाक्यावर विचारा, झेन्झो मासुकू कोण? लगेच उत्तर मिळेल, 'तो होय? तो मोडक्या गाडीवाला!' अहो, बावीस वर्षं जोहान्सबर्गच्या गॅरेजात इंजिनं उघडली मी... ट्रकची, बसची, एकदा तर एका मंत्र्याच्या गाडीचं! आणि इथे १९५४ सालच्या एका अडीचशे सीसीच्या बीएसएपायी माझ्या अब्रूचा पार भुगा झालाय. पाण्याच्या रांगेत उभा राहिलो की शेजारची मान्याथी बादली खाली ठेवते, कमरेवर हात घेते आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी ओरडते, 'काय मिस्त्री, झाली का गाडी?' की सगळी रांग खी खी खी! बरं, हे वाक्य तिच्या मालकीचं नाही. ते माझ्या बापाचं वाक्य आहे. चोरलंय तिनं. बसा, सांगतो.

माझे बाबा, एल्फस मासुकू. रेल्वे वर्कशॉपातले फिटर. वय एक्याऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आणि मग हळूहळू डोक्यातली माणसंही एकेक करून निघून गेली. आधी नातवंडं गेली, मग सून गेली, मग मी गेलो. आई मात्र आहे हं! सात वर्षांमागे वारली ती, पण बाबांच्या डोक्यात रोज हजर! मी जोहान्सबर्गचं बिऱ्हाड गुंडाळून आलो, दारात उभा राहिलो, म्हटलं, 'बाबा, मी झेन्झो.' त्यांनी हात पुढे केला. माझा पंजा चाचपला, नखं चाचपली, घट्टे चाचपले... माझ्या बोटांतलं ग्रीस काही जात नाही, मेल्यावरसुद्धा जाईल असं वाटत नाही... आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! 'मिस्त्री! आलात? झाली का माझी गाडी?'

अहो-जाहो! सख्खा बाप अहो-जाहो करतो हो! ज्या माणसानं लहानपणी 'ए गाढवा' सोडून दुसरी हाक मारली नाही, तो मला 'आलात' म्हणतो! तुम्हाला सांगतो, त्या एका 'गाढवा'साठी जीव तडफडतो माझा.

मग माझ्या डोक्यात आलं... नाही, चूक इथेच झाली, डोक्यात आलं तिथेच! गाडी परसात पत्र्याखाली तीस वर्षं गंजत पडलेली. म्हटलं, ही नीट करायची, बाबांच्या कानाशी सुरू करायची. कारण तो आवाज म्हणजे आमचं घड्याळ होतं. रेल्वे फाटकापाशी तो आवाज आला की आई मक्याच्या पिठाचं आधण ठेवायची आणि मी अभ्यासाला बसल्याचं सोंग करायचो. म्हटलं, आवाज कानात शिरला की त्याच्या मागोमाग आई येईल, आधण येईल, आणि सोंग करणारं गाढवही येईलच की! साधा हिशेब. बरोबर ना?

आता गावात जुन्या गाड्यांचे एक जाणकार आहेत, प्रिचर्ड म्हणून. म्हातारे गोरे गृहस्थ. घरात सहा जुन्या मोटरसायकली, बैठकीत दोन, आणि बायको केव्हाच सोडून गेलेली, म्हणजे कळलं ना, किती जाणकार ते! ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, नाकाला रुमाल लावला. 'झेन्झो, हे काय आहे? दुधाच्या पावडरीच्या डब्यांचा सायलेन्सर? आणि हे ब्रेकचं पेडल... अरे देवा, हा तर रुळाचा खिळा आहे! मडगार्ड वॅगनच्या पत्र्याचं! ओरिजिनल, झेन्झो, ओरिजिनल! एक नट जरी उपरा असला तर ती गाडी नव्हे, ते भंगार!'

आणि मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू? मी ते डबे, तो खिळा, ते मडगार्ड, सगळं उपटलं आणि मागच्या उकिरड्यावर फेकून दिलं. मग प्रिचर्डांचं कंपनीचं जुनं पुस्तक घेऊन बसलो आणि एकेक नट इंग्लंडहून मागवला. एक पार्सल वर्षभर कुठे फिरलं देवाला ठाऊक, पण आलं तेव्हा त्यावर मलावीचा शिक्का होता!

आणि घरात? घरात युद्ध! अहो, बेअरिंग बसवायचं म्हणजे इंजिनाचं कवच तापवायचं आणि बेअरिंग गोठवायचं. एक फुगतं, एक आकसतं, मग लोण्यात बोट जावं तसं जाऊन बसतं. आता भट्टी कुठून आणू? बायकोचा ओव्हन! बर्फ कुठून आणू? बायकोचा फ्रीजर, माशांच्या पिशवीखाली! आणि वीज येणार दिवसातून चार तास, तीही तिच्या मर्जीनं. नेमकी त्या गुरुवारी आली, आणि गुरुवारी थंडेकाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, चर्चच्या बायका! ती ओव्हन उघडते तर आत इंजिन! 'झेन्झो! माझ्या ओव्हनमध्ये हे कुणाचं आतडं शिजतंय?' मी म्हटलं, 'दहा मिनिटं गं, फक्त दहा मिनिटं...' ती म्हणाली, 'दहा मिनिटांत वीज जाईल!' आणि गेली! मग उरलेल्या धगीवर तिनं ब्रेड भाजला. चर्चच्या बायकांनी प्रार्थना केली, खाल्ला, आणि एकजण हळूच म्हणते, 'थंडेका, लोणी बदललंस का गं?' तेव्हापासून आमच्याकडे गुरुवार होत नाही.

रोज सकाळी मी बाबांना पेज भरवायला जायचो. ते माझा हात चाचपायचे आणि... 'मिस्त्री, झाली का गाडी?' 'होतेय बाबा.' रोज! एक दिवस खाडा नाही!

दीड वर्षानं झाली. अहो, काय झाली होती! काळा रंग असा की त्यात तोंड बघून दाढी करावी. प्रिचर्ड टाय लावून आले. मान्याथी स्वतःचं स्टूल घेऊन आली. बाबांना खुर्चीसकट अंगणात आणलं. मी किक मारली, पहिल्या किकला सुरू! शिंप्याच्या मशीनसारखा आवाज, एकसुरी, गोड... प्रिचर्डांच्या डोळ्यांत पाणी. बाबांनी कान कलता केला. ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, 'छान आहे. फार छान गाडी आहे. कुणाची?'

मी म्हटलं, 'तुमचीच, बाबा!'

'छे! माझी असती तर मला कळलं असतं.' आणि मग माझी बाही धरून, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, 'मिस्त्री, दुसऱ्याचं काम आधी केलंत ना? असू द्या. माझी कधी?'

दीड वर्षाच्या मेहनतीवर पाणी! मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसलो. थंडेका आली. म्हटलं, आता ओव्हनचं सगळं उट्टं काढणार. पण ती शेजारी बसली आणि म्हणाली, 'तू बाबांची गाडी केलीच नाहीस, झेन्झो. तू कंपनीची गाडी केलीस.'

तुम्हाला सांगतो, कुणी फाडकन थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या काळात सुटा भाग म्हणून मिळत नव्हता. बाबा जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, वर्कशॉपात एकेक भाग हातानं घडवायचे. तो दुधाचा डबा माझ्या दुधाचा होता हो! मीच प्यायलो होतो ते दूध! बापाची सगळी कारागिरी मी उकिरड्यावर टाकली आणि वर पॉलिश मारत बसलो. मिस्त्री म्हणे मिस्त्री!

मग काय, उकिरडा उपसला. खिळा सापडला, मडगार्ड सापडलं. सायलेन्सर? तो मान्याथीच्या चुलीचं धुराडं झालेला! 'काढ की,' ती म्हणाली, 'काढून ने. धूर मग तुझ्या बिछान्यात सोडते.' शेवटी इंग्लंडहून आलेला चकचकीत सायलेन्सर मी आतून कापला, पोकळ केला आणि तिच्या चुलीवर बसवून दिला. प्रिचर्ड रस्त्यानं चालले होते. धूर कशातून निघतोय ते त्यांनी बघितलं आणि ते गटाराच्या कठड्यावर बसूनच राहिले. पाणी पाजावं लागलं.

पण तेवढ्यानं कुठे भागतंय? बाबांची गाडी खडखडायची. मी नेमके घट्ट केलेले इंजिनातले टॅपेट मुद्दाम ढिले केले. मडगार्डचा एक बोल्ट काढून टाकला. माझ्या हातांना इतकी शरम कधी वाटली नसेल. आणि मारली किक. एक, दोन, पाच... अकराव्या किकला, ठाक्... ठाक्-ठाक्... फुर्रर्र... ठाक्!

बाबा उठून उभे राहिले. स्वतःहून! आठ महिने उभा न राहिलेला माणूस! हात पुढे करून चालत आले, टाकीवर पंजा ठेवला, पायानं चाचपून तो खिळा शोधला आणि ओरडले, 'हीच! हीच ती!' आणि घराकडे तोंड करून, 'अगं, आधण ठेव गं! आलो मी!'

मान्याथी रडली. मान्याथी! मी इंजिन बंद केलं. त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, 'बाबा, ओळखलीत?' 'न ओळखायला काय झालं? माझी गाडी आहे!' म्हटलं, 'आणि मला?'

त्यांनी पंजा चाचपला. नखं चाचपली. हसले. 'तुम्हाला कसा विसरेन, मिस्त्री! हाताला गुण आहे तुमच्या. माझा झेन्झो आहे जोहान्सबर्गला, तो आला की सांगतो त्याला, गाढवा, यांच्या हाताखाली जरा शीक.' माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. 'चला. झाली गाडी. आता उद्यापासून तुम्ही यायचं कारण नाही.'

थट्टा वाटते? दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेलो. 'कोण?' म्हटलं, 'मी.' 'मी कोण?' म्हटलं, 'झेन्झो.' 'झेन्झो जोहान्सबर्गला आहे! कोण तुम्ही? घरात कसे शिरलात?' भिंतीला पाठ लावून बसले. माझा बाप मला घाबरला हो! माझ्या हातची पेज नाही, पाणी नाही, थंडेकाच्या हातचंही नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी अंगणात गेलो, गाडीचा प्लग काढून खिशात टाकला, हाताला ग्रीस फासलं, दारावर टकटक केली आणि म्हटलं, 'मिस्त्री आलोय. गाडी बंद पडली.'

'अरेरे! या, या, बसा!' हात पुढे आला. वाटीभर पेज प्यायले.

झालं! तेव्हापासून हेच. सकाळी उठायचं, चांगली गाडी बिघडवायची आणि बापाला भेटायला जायचं. गल्ली हसते, हसू द्या. पण माझी खरी अडचण निराळीच आहे. म्हातारा जातिवंत फिटर! पोटचा पोरगा आठवत नाही, पण कालचा बिघाड बरोबर आठवतो! 'प्लग तर परवाच बदललात ना, मिस्त्री?' प्लग झाला, कार्बुरेटर झाला, क्लच झाला, चेन दोनदा झाली, मॅग्नेटो संपला... आता पेज निवत आलीये, मला आत जायचंय... तुमच्यापैकी कुणाला एखादा नवीन बिघाड सुचतोय का हो?