ऐकले, आक्षेप नाही

—नाही बेटा, त्या खुर्चीवर नको बसू, ती मंदिराची हाय. हासू नको, खरंच सांगतो, मागं पह्य — पाठीवर ऑइलपेंटनं लिहून हाय. मंदिर, मशीद, विहार, चर्च. चार खुर्च्या, चार नावं. सुरुवातीले गादीची खुर्ची एकच होती, तिच्यावर कोन बसन यावरून दोन मीटिंगा गेल्या, मंग मीच म्हटलं, आना सारख्या चार अन् टाका नावं. या खोलीत जे काई शहाणपनाचं दिसन तुले, ते माह्यंच समज. तू स्टुलावर बस. स्टूल कोनत्याच धर्माचं नाही, मशीन दुरुस्तीवाल्याचं हाय. पानी देऊ? नको? बरं. दार लोटून घे जराकसं, कोराडीच्या प्लांटची राख आज इकडंच येऊन राहिली, मशीनमधी जाते.

हं. तं बाबाचं शेवटचं रेकॉर्डिंग. रितिका, मी तुले फोनवर काय म्हटलं होतं? शोधतो म्हटलं होतं. तीन महिने झाले तुह्या बापाले जाऊन, अन् तीन महिने गोविंदाकाका शोधून राहिला — काहाच्यात? या एका कपाटात. तू लहान नाही. तुलेही समजलंच असन, म्हनून तं न सांगता पुण्याहून आली, नाही का?

देतो नं. नाही कुठं म्हटलं? पन आधी हे रजिस्टर पह्य. नाही, पह्यच. बाबारावची पोरगी आहेस, तुले माहीत पाहिजे आम्ही इथं काय धंदा करत होतो. तू कॉलेजात होती तवाची गोष्ट — आपल्या चौकात मंदिर, त्याच्या बाजूले मशीद, समोर आमचं विहार, अन् तिन्हीवर भोंगे, एकमेकाईकडं तोंड करून. एकानं वाढवला की दुसरा वाढवे. प्लांटवरून नाइट शिफ्ट करून आलेला मानूस झोपन तं कसा? पोलीस आले, साहेब आले, मंग ठरलं, भोंगे उतरवा, कॉलनीचा एकच रेडिओ करा, सकाळी साडेपाचले सुरू, चारही धर्माईले आठ-आठ मिनिटं. अन् त्याच्यावर ही समिती. सर्वधर्म प्रसारण समिती. मले सचिव काहून केलं? प्रेमानं? मंदिरवाल्याईले मशिदीचा नको, मशीदवाल्याईले मंदिराचा नको, चर्चवाले दहा घरं, त्याईले कोन विचारते — मधात सापडलो मी. अन् मी कंट्रोल रूममधी तेहतीस वर्ष काढलेला मानूस. काटा खाली-वर झाला की बटन दाबाचं, कोनाचं तोंड नाही पाहाचं. तसाच चालवला मी रेडिओ. आठ मिनिटं म्हनजे आठ मिनिटं. रहमतभाईची एक आयत बाकी असो की चर्चवाल्या माया टीचरचं अर्ध गाणं — बटन बंद.

अकरा नियम लिहिले मी. मह्या अक्षरात हायत, त्या भिंतीवर. दोनच वाच — पाचवा अन् सातवा. पाचवा असा, की एका धर्माचं रेकॉर्डिंग दुसऱ्या धर्माच्या मानसानं आधी पूर्ण ऐकाचं, अन् रजिस्टरमधी लिहाचं, 'ऐकले, आक्षेप नाही.' त्याशिवाय वाजनार नाही. अन् सातवा — आपल्या आठ मिनिटांत दुसऱ्या धर्माचं किंवा दुसऱ्या धर्माच्या मानसाचं नाव घ्याचं नाही. वाईट नाही, चांगलंही नाही. काहून, तं चांगलं म्हनता म्हनता टोमना कवा येते समजत नाही. भल्ली वाहवा झाली माही. नागपुरातून, रामदासपेठेतून कोन्या संस्थेचे लोक आले, शाल देऊन गेले. ती पह्य, मशीनवर झाकली हाय, धुळीसाठी.

ऐकलं नं आम्ही, पहिलं वर्षभर खरंच ऐकलं. रहमतभाई तुह्या बापाचं भजन ऐके अन् टेबलावर बोटानं ठेका धरे, मी डोळ्यानं पाहिलं हाय. माया टीचर आमच्या वंदनेचा अर्थ विचारे. मंग कोनाच्या पोरीचं लगन, कोनाची शुगर वाढली, कोनाले बँकेत जाचं हाय — अन् मंग नुसत्या सह्या. हे पान पह्य. एका तारखेले, एकाच पेनानं, सतरा सह्या. सतरा आठे एकशे छत्तीस मिनिटं. अन् मीटिंग चालली होती चाळीस मिनिटं, त्यात चहा-समोसा. नाही, त्यात माह्या नाही हायत. मी ऐकत होतो. सचिव होतो नं मी, मी ऐकतच होतो — बहुतेक.

तुह्यावाला बाप अन् मी एका गावचे, खापरखेड्याच्या पलीकडले, एवढं तं तुले माहीत असन. तो मह्याहून दोन वर्षानं मोठा. सोबत प्लांटात लागलो, सोबत रिटायर झालो, एका डब्यात खाल्लं. पन त्याच्याही आधीचं तुले सांगतलं का त्यानं? तुमच्या घरच्या विहिरीवर मही माय पान्याले जाये. सिंधू तिचं नाव. पान्याचा पितळी गुंड खाली ठेवून बाजूले उभी राहे, तुह्या आजीले दया आली तं ती वरून ओते. दूरून. छप्पनमधी मी एक वर्षाचा होतो, मले कडेवर घेऊन माय पायी पायी नागपूरले आली, दीक्षा घेतली, अन् घरी जाऊन देवाचे फोटो नदीत सोडले. पन चाल कशी सोडन मानूस? पहाटे जात्यावर बसे, तं ओवी तीच, चाल तीच, फक्त देवाच्या जागी बाबासाहेबाचं नाव. अन् तुहा बाप, एवढासा पोट्टा, आमच्या दाराशी येऊन बसे ऐकाले. आत येऊ देत नव्हते त्याले घरचे. उंबरठ्याच्या बाहेर बसे, गुडघ्यावर हनवटी ठेवून.

आता ऐक. तीन वर्षांमागं, एका सकाळी, मंदिराच्या आठ मिनिटांत बाबारावचं भजन लागलं. मी चहा घेऊन राहिलो होतो. चाल ओळखली अन् कप तसाच खाली ठेवला. भजन संपलं, अन् हा म्हने — रेडिओवर, साऱ्या कॉलनीत — 'ही चाल मले मह्या मित्राच्या, गोविंदाच्या मायनं देली, सिंधूमावशीनं. अशी भक्ती म्या पाहिली नाही.'

भक्ती! तू सांग बेटा. जिले त्या देवळाची पायरी चढू देली नाही, जिनं त्या देवाले नदीत सोडलं, तिचं नाव त्याच देवळाच्या आठ मिनिटांत? मेल्यावर तिले परत आत घेऊन गेला, अन् कोनाले विचारून? त्याच संध्याकाळी विहारात आमच्या कमिटीचा प्रशिक, मह्या पोराच्या वयाचा, सगळ्याईसमोर मले म्हनते, 'काका, तुमची माय मंदिरात भजन गात होती म्हनते.'  मही माय, जिनं — जाऊ दे.

मी सातवा नियम काढला. मीटिंग बोलावली. सहा महिने बाबारावचा आवाज बंद, असा ठराव. त्यानं भांडन केलं का? नाही. एवढंच म्हने, 'गोविंदा, म्या चांगलंच बोललो नं गा?' अन् मी काय म्हटलं माहीत हाय? म्हटलं, 'नियमात चांगलं-वाईट नाही, बाबारावजी.' साठ वर्षांत त्याले पहिल्यांदा 'जी' लावला मी. त्याचं तोंड एवढंसं झालं. ते रेकॉर्डिंग वाजाच्या आधी कोनी तरी सही केली होती नं, 'ऐकले, आक्षेप नाही'? कोनी ऐकलं असतं तं ते वाजलंच नसतं, भांडनच झालं नसतं. सही कोनाची होती म्हनून नको विचारू. विचारतेच हाय तं — माही होती. झालं समाधान?

तेव्हापासून आम्ही बोलनं बंद. सहा महिने झाले, वर्ष झालं, त्यानं रेकॉर्डिंग आनलं नाही अन् मी मागितलं नाही. बाजारात दिसला की मी रस्ता बदलो. मंग या होळीच्या आधी एका दुपारी तो इथं आला. उन्हाचा, अन् अंगात स्वेटर. गळ्याची हाडं दिसून राहिली होती. मले दिसली. मी विचारलं नाही. टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला, म्हने, 'हे तूच ऐकजो. दुसऱ्या कोनाले देऊ नको.' मी वर न पाहता म्हटलं, 'नंबरात लावून ठेवतो.'  मंदिराच्या त्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, मीटिंगले तो तिच्यावरच बसे. मंग गेला.

तो फाटकापर्यंत पोचला नव्हता, अन् मी सही केली. हे पह्य. ऐकले, आक्षेप नाही, गो. रा. आळसानं? नाही वं. आळस असता तं बरं झालं असतं, आळस तं सगळेच करत होते. मले त्याचा आवाज ऐकाचाच नव्हता. त्याले आठ मिनिटं द्याची मही तयारी होती, कायद्यानं त्याचे होते — पन मह्या कानातले आठ मिनिटं नाही. हे मी आजवर कोनाले सांगतलं नाही. तुलेही सांगनार नव्हतो.

आता तू फोनवर जे विचारलं, त्याचं सांगतो. तू म्हनली, बाबा रामदासपेठेच्या दवाखान्यात होते, दोन दिवस एकच विचारत, 'वाजलं का?' गुरुवारी तू पुजाऱ्याले फोन लावला, पुजाऱ्यानं वेळापत्रक पाहून सांगतलं, अन् तू आनंदानं म्हटलं, 'वाजलं बाबा.' अन् बाबा भिंतीकडं वळले, मंग मह्यं नाव पुन्हा घेतलं नाही. आनंदाच्या गोष्टीवर ते असे काहून झाले — हेच न? तीन महिने तू हेच घेऊन बसली, की आपलं काय चुकलं.

तुह्यं नाही चुकलं बेटा. रडू नको. त्या गुरुवारी मी बटन दाबलं, पन खोलीतला आवाज बंद ठेवला; तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी इथं एकटा येऊन लावलं ते. सुरुवातीले नुसते टाळ. मंग टाळ बंद. मंग त्याचा आवाज — दम लागून राहिला होता — 'गोविंदा, हे तुह्या सातव्या नियमात बसत नाही. तू हे वाजवू देनार नाहीस, मले माहीत हाय. नकोच वाजवू. बाद कर. हे रेडिओसाठी नाही, तुह्या एकट्यासाठी भरलं. फक्त ऐक.'

समजलं? न वाजनं म्हनजे गोविंदानं ऐकलं. अन् वाजलं, म्हनजे —. तू त्याले तेच सांगतलं. तुले काय माहीत.

अन् तमाशा पुढं पह्य. वाजलं तं वाजलं, सगळ्या कॉलनीत वाजलं, मह्या नावानं वाजलं, सातवा नियम उघडा-उघडा मोडला — कोनाची तक्रार आली? एकाची नाही. मी मीटिंगमधी विचारलं, त्या गुरुवारचं कोनी ऐकलं का? रहमतभाई म्हने, कोनता गुरुवार? माया टीचर म्हने, त्या दिवशी लाइट नव्हती. पॉवर हाउसच्या कॉलनीत लाइट नव्हती म्हने! मंदिरवाले त्या वेळी आरतीत उभे राहतात, रेडिओ कोन लावते. अन् विहारवाले आपले आठ मिनिटं झाले की बंद करतात. इतके वर्ष आम्ही भांडलो, कोनाचा नंबर आधी, कोनाचे तीस सेकंद जास्त — अन् कोनीच कोनाले ऐकत नव्हतं. भोंगे होते तं निदान शिव्या द्याले तरी ऐकत होते लोक. मी राजीनामा देला. तोही मंजूर झाला न वाचता.

पुढं काय हाय त्याच्यात? मले नाही माहीत. खरंच नाही. 'फक्त ऐक'च्या पुढं तो म्हनते, 'तुह्या मायची एक गोष्ट तुले कवाची सांगाची होती' — अन् तिथंच मी बंद केलं. पाचेक मिनिटं बाकी हायत. काहून नाही ऐकलं? भेव लागते. त्यानं माफी मागितली असन, तं मी आता कोनापुढं जाऊन काय सांगू? अन् नसन मागितली, उलट मही मायच काई बोलली असन त्याले, त्या उंबरठ्यावर, जे मले कधी बोलली नाही — तं? नको. मह्या वयाले नाही झेपत ते.

घे. हा पेनड्राइव्ह. थांब, रजिस्टरवर सही नको करू. ठेव पेन. नेनाऱ्याची सही घ्याचा नियम हाय, पन आधी ऐक, मंग कर. इथंच ऐक. मशीन चालू करून देतो, अन् मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. झालं की निघून जा, मले काई सांगू नको. मी विचारलं तरी सांगू नको. अन् स्टुलावर नको. त्या खुर्चीवर बस. हो, त्याच. बस नं, तुह्या बापाची हाय ती.

हिरवं बटन. पन आधी मले बाहेर जाऊ दे, ही चप्पल कुठं गेली — थांब, मी गेल्यावर दाब, दार ओढून घेतो अन् — अवं बेटा, दाबलं? थांब, मी अजून आतच हावो नं, मी अजून —