चिंचखिंडीतला भालेवाला

ऐका. आन शिरपती, तुला हसायचं आसंल तर आत्ताच हासून घे. मागनं हासलास तर कानाखाली वाजवीन, तुज्या वयाकडं बघनार न्हाई.

ही गोष्ट माज्या बापाची. हैबती त्येचं नाव. जर्मनची पयली लढाई चालू व्हती तवाची. त्या काळात आपल्या गावात घरटी एक घोडं. आन गावाची एक रीत व्हती, लई जुनी. वाटंत कुनी बी "जरा घोडं धर" म्हनला की धरायचं. वैरी आसला तरी धरायचं. ही रीत ध्यानात ठिवा. हिनंच घात केला.

बापाचा थोरला भाऊ रानोजी रिसाल्यात गेलता. रिसाला म्हंजे सरकारचं घोडदळ. कसलं डोंबलाचं सरकारचं! घोडं आपलं, खोगीर आपलं, मानूस आपला. मरान तेवढं सरकारचं. घरची तांबडी घोडी घिऊन त्यो बोटीत बसला, समुद्रापल्याड गेला. वरसाच्या आत सांगावा आला. रानोजी पडला, घोडी बी पडली. संगट एक बिल्ला आला. माज्या आजीनं त्यो उचलला आन उकिरड्यावर फेकला. बरं केलं!

आता माज्या बापाची अक्कल बघा. भाऊ आसा गेला, घरात आय रडतीया, आन ह्यो म्हनतो मी बी जातो. चंद्रीला घिऊन जातो. चंद्री म्हंजे त्या तांबड्या घोडीचीच लेक. गावात एक गोरा सायब आलता, पारावर भाषान ठोकून गेला. आला कशातनं? मोटारीतनं! सोता मोटारीत, आन आमास्नी सांगतोय घोडं आना. कुनी इचारलं न्हाई त्येला.

आय अडवंल म्हनून बाप दिवं मालवल्यावर निघाला. चंद्रीला हातानं धरून, चालत. घोडी ताजी दिसाय पायजे ना सायबाला! चिंचखिंडीच्या तोंडाशी आला आन मागनं टापा ऐकू आल्या. टप टप. टप टप. बाप थांबला की टापा थांबायच्या. मागं बघितलं तर कुनी न्हाई. चंद्रीनं कान टवकारलं. बाप म्हनला, आपल्याच टापांचा आवाज घुमतोय. आरं येड्या, तू हुबा हाईस, घोडी हुबी हाय, मग घुमतंय काय?

खिंडीच्या मदी आला. म्होरं एक स्वार. डोक्याला फेटा, हातात भाला, तोंडावर अंधार. त्यो खाली उतरला आन म्हनला, "गड्या, जरा घोडं धर."

रीत म्हंजे रीत! बापानं लगाम हातात घेतला. गार. हिरीतल्या दगडासारखा गार. आन सोडाय गेला तर सुटंना! मूठच उघडंना. आता बापानं त्या घोड्याकडं नीट बघितलं. तांबडी घोडी. डावा कान फाटल्याला, शिंगरू आसताना कुत्र्यानं तोडल्याला. गळ्यात कवड्यांची माळ, आजीनं सोताच्या हातानं ववल्याली. आन छातीत भोकं. चाळनी झालती छातीची, आन रगताचा थेंब न्हाई.

"दादा?" बाप म्हनला.

"कुठं निघालास?"

"भरतीला."

"मग बरुबर आलास. रांगंत जागा रिकामी हाय. चढ."

बापाचा पाय आपसूक रिकिबीत गेला. बसला बी. त्यो न्हवता बसत, कुनीतरी बसिवलं. आन बघतो तर काय, खिंड कुठली न् काय कुठलं! समदा मोकळा माळ. डाव्या उजव्या हाताला स्वारच स्वार, भालं खाली केल्यालं. समोर काटेरी तारा. आन तारांपल्याड तडतड, तडतड, तव्यात लाह्या फुटाव्यात तशी. मशिनगन! मशिनगनीवर भालं! कुना मुडद्याला सुचलं आसंल हे? वढ्यात मासं मारतानी बी मानूस इच्यार करतो!

"दादा, हुकूम कुनी दिला?" बाप वरडला.

खाली हुबा आसल्याल्या रानोजीनं घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. घोडी चालाय लागली. मग दुडकी. मग भरधाव. कडंचा स्वार पडला, त्येच्या पलीकडचा पडला, तारा म्होरं आल्या...

आन मागनं चंद्री खिंकाळली!

तांबडी घोडी जागच्या जागी थांबली. लेकीचा आवाज तिनं वळखला! सरकारचा हुकूम, रिसाल्याची रांग, समदं तिनं लाथाडलं. गर्रकन फिरली, आन बापाला खिंडीतल्या काट्याकुट्यात फेकून दिलं. मूठ उघडली, लगाम सुटला. बाप रांगत चंद्रीपाशी गेला, तिच्या मानंला मिठी मारली आन सुटला घराकडं. मागनं भावाचा आवाज येत व्हता, "जागा रिकामी हाय रं! जागा रिकामी हाय!"

कुनी म्हनंल, सख्ख्या भावाला मारनार व्हता व्हय त्यो? आरं, त्येचा काय दोस? जागा रिकामी दिसली की भरायची, एवढंच त्येला शिकिवलंवतं. मेला तरी ते सुटलं न्हाई. मला चीड येती ती येगळीच. हे भूत त्या हुकूम देनाऱ्याच्या बंगल्याम्होरं का हुबं ऱ्हात न्हाई? तर तिथं घोडं धराया कोन येनार! म्हनून आपल्याच लेकरास्नी गाठतंय. मुक्या जनावराला जे कळलं, ते त्या सायबांस्नी कळलं न्हाई.

मोटार परत आली गावात. बाप म्हनला, "सायेब, तुमी म्होरं घोड्यावर व्हा, मी मागनं येतो." सायब लालबुंद झाला. पर बाकीची पोरं गेली हो. घोडी घिऊन गेली. एक बी माघारी आला न्हाई.

चंद्री म्हातारी होऊन आमच्या दारात मेली. सांजंला खिंडीकडं तोंड करून खिंकाळायची, आन खिंडीतनं उत्तर यायचं. म्या ऐकलंय, ह्या कानांनी. तवा रातचं चिंचखिंडीनं जाऊ नगा. मरा, पर जाऊ नगा. आन दिसाउजेडी कुनी मोटारीतनं उतरून "घोडं आना" म्हनला, तर त्यो त्या भुतापरास वंगाळ. त्येच्या वाटंला तर मुळीच जाऊ नगा.