आठव्या नंबरचा चान्स

इंग्लंडच्या फुटबॉलवरून बंगळुरूत, के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये भांडणारे वेडे आम्हीच, मी आणि माझा रूममेट समीर. वरच्या लीगमध्ये पहिले दोन थेट जातात; उरलेल्या एका जागेसाठीच्या प्ले-ऑफमध्ये म्हणे आता आठव्या नंबरच्या टीमलाही घेणार. समीर म्हणाला, "बरंच आहे की, सगळ्यांना चान्स." मी भडकलो, "आणि वर्षभर घाम गाळून तिसरे आलेत त्यांनी काय करायचं? अन्याय आहे हा!"

सोसायटीचे प्लंबर मारुतीअण्णा आमच्या सिंकखाली पाइप बसवत होते. पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातले. डोकं बाहेर काढून म्हणाले, "स्वल्प थांबा. आठवा आला तरी वर जातो?"

"प्ले-ऑफ जिंकला तर."

"आमचा क्लब पहिला आला होता. तरी नाही गेलो वर."

"असा कुठला नियम?"

"वरच्या डिव्हिजनला स्वतःचं मैदान लागायचं. आमचं त्याच वर्षी बिल्डरकडे गेलं."

मला चेवच चढला. "मग भांडायचं ना, अण्णा! कुठे होतं मैदान?"

त्यांनी हातातल्या पान्यानेच खिडकीतून खाली दाखवलं.

"तुमची पांढरी गाडी उभी असते ना, तिथे मी उभा असायचो. गोलकीपर होतो."