अक्काला कोंडून ठेवल्याबद्दल

नाव विठोजी मानाजी चव्हाण, वय त्रेसष्ट वर्षे, धंदा वरातीला घोडी देणे, राहणार चामराजपेट, बेंगळूरु. जबाब लिहून घेणारे हवालदार नरसिंह निपाणीकडचे असल्याने मराठीत सांगत आहे.

समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, मुलगा अभिमन्यू, सून रक्षिता आणि अक्का असे चौघे राहतो. अक्का ही माझी पांढरी घोडी आहे. हे आधीच सांगतो, कारण काल ते न सांगितल्यामुळेच सगळा घोळ झाला. आता तिला आज संध्याकाळपर्यंत गल्लीतून हलवायला सांगितले आहे. ते होऊ नये म्हणून हा जबाब देत आहे.

मला बहीण नाही. हे शिंगरू घरी आले तेव्हा आई म्हणाली, घरात एक अक्का पाहिजेच होती. तेव्हापासून तिला कुणी घोडी म्हटलेले मला खपत नाही. भाऊबीजेला रक्षिता तिच्या वतीने मला ओवाळते आणि ओवाळणीचा गूळ अक्का खाते. यात कायद्याविरुद्ध काही असल्यास मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात यशवंतपूरच्या एका वरातीत शेजारी उभी केलेली घोडी खोकत होती. त्यानंतर अक्काला ताप आला, नाक वाहू लागले, कोरडा खोकला सुरू झाला. जनावरांचे डॉक्टर श्रीहर्ष यांनी पाहून सांगितले की, हा घोड्यांचा फ्लू दिसतो. माणसाला लागत नाही, पण एका घोड्याचा दुसऱ्याला खोकल्यातून, बादलीतून, आपल्या कपड्यांवरूनसुद्धा लागतो. तिला विश्रांती द्या, दमवलीत तर छातीत उतरेल. गल्लीच्या तोंडाशी बसवंतचा तबेला आहे, त्याची घोडी गाभण आहे, आणि गल्लीतून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. म्हणून मी अक्काला मागच्या खोलीत वेगळे ठेवले.

त्या खोलीची भिंत पद्मावतीबाईंच्या स्वयंपाकघराला लागून आहे. बाई बँकेतून निवृत्त, जयनगरहून नुकत्याच राहायला आलेल्या. त्यांच्याही घरी मराठीच. त्यामुळे माझे बोलणे त्यांना ऐकू आले आणि वर समजलेही. मी रक्षिताला सांगत होतो, "अक्काला आखूड बांध, नाहीतर भिंतीला डोकं घासत बसते. कुणीही येऊ दे, दार उघडू नको. खात नाही म्हणजे काय, मी आल्यावर भरवतो बघ कशी." एवढे कानावर पडल्यावर आणि पलीकडून खोकला ऐकू आल्यावर कुणाचेही डोके फिरेल. अक्का एकदा जरी खिंकाळली असती तरी उलगडा झाला असता. पण आजारी पडल्यापासून ती खिंकाळलेलीच नाही. घर फार मुके वाटते.

काल दुपारी नरसिंह एका शिपायाला घेऊन दारात आले. मला वाटले, फ्लूची चौकशी असेल.

"अक्का कुठं आहे?"

"आत. कोंडून ठेवलीय सार."

"कोण लागते तुमची?"

"बहीण."

"वय?"

"बावीस."

त्यांनी माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले आणि दार उघडायला सांगितले. मी आडवा झालो. म्हणालो, "स्वल्प थांबा सार, आत गेलात तर तुमच्या कपड्यांवरून जाईल. तिकडे बसवंतकडची पोटुशी आहे, तिला लागलं तर?" यावर शिपायाने मला दंडाला धरले. दार उघडण्यात आले. अक्काने मान वळवून सगळ्यांकडे पाहिले आणि खोकली.

नरसिंह यांना हसू आवरायला वेळ लागला. मग म्हणाले, वस्तीत आजारी जनावर ठेवता येणार नाही, टेम्पोत घालून गावाबाहेर न्या. माझा आवाज चढला. मी म्हणालो की तापात ती टेम्पोत उभीसुद्धा राहणार नाही, आणि खोकत खोकत बसवंतच्या दारावरून जाईल ते वेगळेच. आवाज चढल्याबद्दल माफी मागतो. पण मला भीती वाटते, तेही लिहून घ्यावे. ती टेम्पोत बसली तर परत उठणार नाही असे मला वाटते.

पद्मावतीबाईंवर माझा राग नाही. कालपर्यंत होता. पण तोंडही न पाहिलेल्या कुणा अक्कासाठी गुडघे धरत ठाण्याच्या पायऱ्या चढणारे माणूस शेजारी लाभले, हे आमचे भाग्यच म्हणायचे. आज मी आलो तेव्हा त्या बाकावर बसलेल्या होत्या.

नरसिंह त्यांना म्हणाले, "अम्मा, तक्रार मागे घेतली असं लिहितो. सरी, चालेल ना?"

बाई म्हणाल्या, "मागं कशाला? तक्रार आहेच माझी. अक्का तापानं फणफणलीय आणि तिला घराबाहेर काढायला निघालेत. काढणारा कोण, तिथं तुमचं नाव लिहा."

नरसिंह यांनी पेन खाली ठेवले. मग आत साहेबांकडे गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, बरी होईपर्यंत ती आहे तिथेच राहील.

वरील मजकूर मला व बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सदर जनावर" असे दोन ठिकाणी लिहिले होते, ते बाईंनी खोडायला लावून तिथे "अक्का" करून घेतले. आता सगळे बरोबर आहे. सही करतो.