भिका-दगडूच्या कॅसेटी

शिरूरच्या स्टँडवर करुणा दौंडच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकड्यावर एक नवरा-बायको बोलत होते. बायको नवऱ्याच्या पिशवीत डोकावली.

"परत भिका-दगडूच्या कॅसेटी?"

"आन् त्यांच्या विनोदांचं पुस्तक. कुठं मिळत न्हाई आता."

"रद्दीवालाबी घेत न्हाई, मिळंल कुठनं? घरात टेप तरी हाय का ऐकायला?"

"ऐकायला न्हाई गं. शेवटी भांडले दोघं, मरेपर्यंत बोलले न्हाईत. माझ्या कपाटात तरी जोडी एकत्र राहील."

"लई मोठं काम करताय. दौंडच्या पुढं कुरकुंभला सख्खा भाऊ हाय तुमचा. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलात?"

"ते कलाकार होते. आमचं भांडण येगळं हाय."

"व्हय. तुमच्यावर कुणी पुस्तक काढणार न्हाई."

दौंडची गाडी लागली. करुणा चढली, पाठोपाठ ती बाई चढली. नवरा मांडीवर पिशवी घेऊन बाकड्यावरच बसून राहिला.